तर्रीचा त्रास वेगळा, आतड्याची सूज वेगळी

"तर्री बंद कर, बरा होशील." नागपुरात आयबीडीच्या, म्हणजे आतड्याला वारंवार सूज येण्याच्या जुनाट आजाराच्या पेशंटला हे वाक्य घरोघरी ऐकावं लागतं. सांगणाऱ्याची माया खरी असते, पण त्यात दोन गोष्टींची सरमिसळ झालेली असते, आणि तिची किंमत पेशंट मोजतो.

तर्रीचा त्रास सगळ्यांना माहीत आहे. सकाळी तर्री-पोहे खाल्ले. तिखटाने आग झाली, काळ्या चण्यातली न पचणारी साखर मोठ्या आतड्यातल्या जंतूंनी आंबवली, गॅस धरला, दोनदा पळावं लागलं. दुसऱ्या दिवशी पोट शांत. कांदा, लसूण, दूध यांचंही बऱ्याच जणांचं असंच होतं.

सूज वेगळी. क्रोन्स किंवा अल्सरेटिव्ह कोलायटिस या आयबीडीच्या प्रकारांमध्ये शरीराची प्रतिकारशक्ती आतड्याच्या अस्तरावरच उठते आणि तिथे जखमा होतात. रक्त, आव, रात्री झोपेतून उठवणारी कळ, घटणारं वजन ही तिची लक्षणं. ती वरणभात खाऊनही येते. आणि लोक नेमकं इथेच चुकतात: पोट शांत आहे म्हणजे सूज गेली असं नसतं. क्रोन्समध्ये तर काहीही दुखत नसताना आतडं आतून खराब होत राहू शकतं.

माझ्या आतेभावाने सावजी सोडलं, दूध सोडलं, तर्रीकडे पाहिलं नाही. दोन महिने छान गेले. "पथ्यानेच बरा झालो" म्हणून त्याने सूज आवरणाऱ्या मेसालामीनच्या गोळ्याही सोडल्या. दिवाळीपर्यंत संडासात रक्त, हिमोग्लोबिन सातवर, आणि आत्या त्याच्या उशाशी बसून विचारत होती, "याने तर काहीच खाल्लं नव्हतं ना?" खाण्याचा दोष नव्हताच. गोळ्या बंद होत्या.

म्हणून मी सगळ्यांना डॉक्टरांना शौचाच्या कॅलप्रोटेक्टिन तपासणीबद्दल विचारायला सांगते; आतड्यात सूज आहे का, ते तिच्यातून कळतं. आकडा साधारण 50 च्या आत असेल तर सूज बहुधा नाही. मग वहीत खाणं लिहा आणि एकेक पदार्थ तपासून पाहा. 250 च्या वर असेल तर वही बाजूला ठेवा आणि डॉक्टर गाठा. उपाशी राहून सूज उतरत नाही, उलट माणूस वाळतो. लहान मुलांच्या क्रोन्समध्ये काही आठवडे फक्त पोषक द्रव आहार देऊन सूज उतरवतात, हे खरं आहे; पण तो डॉक्टरांच्या देखरेखीखालचा उपचार आहे, घरची पेज नव्हे.

आयबीएस, म्हणजे वरचेवर पोट बिघडण्याचा त्रास, आणि आयबीडी यांतला फरक एका ओळीचा: आयबीएसमध्ये सूज नसते. तरीही आयबीएसवाल्यांचे पथ्याचे तक्ते आयबीडीवाल्यांना पाठवू नका, कळकळीने सांगते. ते गॅस कमी करतील, जखमा भरणार नाहीत.

संत्र्याची गोष्ट तिसरीच. क्रोन्समुळे आतडं एखाद्या जागी अरुंद झालं असेल तर फोडीवरचे पापुद्रे तिथे अडकू शकतात. तिथे प्रश्न सुजेचा नाही, गॅसचाही नाही, वाटेचा आहे. अशांनी गाळलेला रस घ्यावा. वाट मोकळी आहे असं डॉक्टरांनी सांगितलं असेल आणि पोटाला सोसत असेल, तर नागपूरच्या कळमना बाजारात अंबिया बहाराची संत्री आली की सोला आणि खा.