एक्स्टर्नल डिस्क मध्येच का रेंगाळते?

एक्स्टर्नल हार्ड डिस्कवर फोटोंचा मोठा फोल्डर कॉपी करायला घ्यावा, सुरुवातीला सेकंदाला शंभर एमबीचा वेग दिसावा आणि थोड्या वेळाने तो पाच-सात एमबीवर येऊन रेंगाळावा, हा अनुभव आता घरोघरी येतो. त्यातच संगणकही गोठतो. माऊस हलतो, पण फोल्डर उघडत नाही. मग व्हायरस शिरला किंवा रॅम कमी पडली असे निदान होते आणि संगणक फॉरमॅट करून आणला जातो. दोष बहुधा यांपैकी कशाचाच नसतो.

अशा वेळी विंडोजमधला टास्क मॅनेजर, म्हणजे संगणकाचा कोणता भाग किती कामात आहे हे दाखवणारा प्रोग्रॅम, उघडून पाहावा. प्रोसेसर पाच-दहा टक्क्यांवर निवांत आहे, डिस्कचा अ‍ॅक्टिव्ह टाइम मात्र १०० टक्के आहे आणि तरीही लेखनाचा वेग जेमतेम दोन-तीन एमबी आहे, असे दिसले तर डिस्क आपल्याला न दिसणारे काही काम करत असण्याची शक्यता मोठी.

ते काम तबकडीवर चालते. हार्ड डिस्क माहिती चुंबकीय ट्रॅकमध्ये साठवते. लिहिण्यासाठी तीव्र चुंबकीय क्षेत्र लागत असल्यामुळे लिहिणारे हेड फार अरुंद करता येत नाही. वाचणारे हेड मात्र त्याहून बरेच अरुंद चालते. म्हणजेच रुंद लिहिलेल्या ट्रॅकचा काही भाग झाकला गेला, तरी उरलेल्या पट्टीवरून तो वाचता येतो. याचाच फायदा घेऊन, छपरावरील कौले जशी एकमेकांच्या कडेवर चढवतात, तसे ट्रॅक एकमेकांवर चढवून लिहिण्याची पद्धत निघाली. तिला शिंगल्ड मॅग्नेटिक रेकॉर्डिंग, म्हणजे एसएमआर, म्हणतात. सीगेट कंपनीने २०१३ मध्ये अशा डिस्क बाजारात आणल्या आणि आज खिशात मावणाऱ्या मोठ्या क्षमतेच्या बऱ्याचशा डिस्क याच पद्धतीच्या असतात.

या दाटीवाटीने जागा वाचते, पण मधला एखादा ट्रॅक बदलायचा झाला तर शेजारचा पुसला जातो. म्हणून ट्रॅकचे पट्टे पाडलेले असतात आणि बदल करताना पट्ट्याचा पुढचा सगळा भाग वाचून पुन्हा लिहावा लागतो. पट्ट्याचा आकार उत्पादकानुसार बदलतो. तो २५६ एमबी धरला, तर चार केबीच्या एका बदलासाठी, अगदी वाईट परिस्थितीत, ६५,५३६ पट माहिती हलवावी लागते; शंभर एमबीच्या वेगाने वाचायला अडीच आणि लिहायला अडीच, असे पाच सेकंद त्यातच जातात. हे टाळण्यासाठी डिस्क नवी माहिती आधी एका राखीव भागात भराभर उतरवून घेते, कोणता ब्लॉक कुठे ठेवला याचा तक्ता सांभाळते आणि फुरसत मिळाली की ती माहिती पट्ट्यांत नेऊन बसवते. सुरुवातीचा वेग हा या राखीव भागाचा वेग असतो. तो भाग भरला की उतरवणे आणि बसवणे ही दोन्ही कामे एकाच हेडवर येतात आणि वेग कोसळतो. एकच मोठी व्हिडिओ फाइल सलग लिहिली जात असेल तर त्रास कमी होतो. हजारो छोट्या फाइल्स विखरून लिहिल्या जात असतील तर तो सर्वाधिक असतो.

संगणक गोठतो तो यामुळेच. एखाद्या प्रोग्रॅमने डिस्कला विनंती केली की उत्तर येईपर्यंत तो थांबून राहतो. डेस्कटॉपवर वारंवार रिफ्रेश करण्याची आपल्याकडे रूढ झालेली सवय किंवा ‘स्पीड बूस्टर’ म्हणून विकले जाणारे प्रोग्रॅम यांचा या खोळंब्यावर काहीही परिणाम होत नाही, आणि डीफ्रॅगमेंट केल्याने, म्हणजे फाइल्सचे विखुरलेले तुकडे हलवून एकत्र केल्याने, तर पुनर्लेखन वाढतेच.

ही माहिती ग्राहकाला आधी मिळायला हवी. पण २०२० मध्ये वेस्टर्न डिजिटल, सीगेट आणि तोशिबा या तिन्ही कंपन्यांच्या काही डिस्क एसएमआर असूनही तसे न सांगता विकल्या गेल्याचे उघड झाले. ग्राहकाने मोजलेल्या पैशांचा विचार करता हे मौन मला गैर वाटते.

केबल आणि पोर्ट यांची तपासणी मात्र सोपी आहे. वेग पहिल्यापासूनच तीस-चाळीस एमबीच्या वर जात नसेल, तर जोडणी यूएसबी २.० वर झाली असण्याची शक्यता मोठी. यूएसबी ३.० च्या प्लगमध्ये धातूचे पाच संपर्कबिंदू जास्त असतात. ते नीट टेकले नाहीत तर डिस्क गुपचूप जुन्या वेगाने चालते. केबल काढून पुन्हा घट्ट बसवावी किंवा बदलून पाहावी.

डिस्क खरोखरच बिघडत असेल तर तिच्या ‘स्मार्ट’ नोंदींत, म्हणजे डिस्क स्वतःच्या प्रकृतीविषयी ठेवते त्या नोंदींत, ते दिसू शकते. क्रिस्टलडिस्कइन्फोसारख्या मोफत प्रोग्रॅममध्ये ‘करंट पेंडिंग सेक्टर’, म्हणजे नीट वाचता न आलेल्या जागांची संख्या, ही ओळ पाहावी. तेथे शून्य असेल आणि डिस्क एसएमआर असेल, तर कॉपी झाल्यावर लगेच केबल न काढता डिस्क काही काळ जोडून ठेवावी, म्हणजे राखीव भाग रिकामा होईल. तो आकडा वाढत असेल तर दुरुस्तीचे स्कॅन आधी चालवू नये, कारण त्या ताणाने कमकुवत डिस्क पूर्ण बंद पडू शकते; आधी महत्त्वाच्या फाइल्स दुसऱ्या डिस्कवर उतरवून घ्याव्यात.