माघारी येणं वेगळं, माघार घेणं वेगळं

विथड्रॉ हा शब्द मराठी वाचकाला शिकवावा लागत नाही. खात्यातून पैसे काढले की विथड्रॉ, अर्ज मागे घेतला की विथड्रॉ, एखाद्या पक्षाने सरकारचा पाठिंबा काढला की विथड्रॉ. घोडं पेंड खातं ते सैन्य निघालं की. मूळ बातमीत विथड्रॉ असो नाहीतर रिट्रीट, मराठी मथळा ठरलेला: ‘सैन्याची माघार’. इंग्रजी मजकूर मराठीत आणण्यात माझी बरीच वर्षं गेली आहेत, आणि हा मथळा दिसला की आजही मूळ बातमी काढून बघावी लागते, की बुवा हे लोक निघाले की पिटाळले गेले?

खरं तर हा फरक दाखवायची सोय मराठीत एका वेलांटीवर होते. ‘माघारी येणं’ म्हणजे परत येणं. माणूस कामावरून माघारी येतो, वाट चुकली की माघारी फिरतो, चुकीच्या पत्त्यावरचं पत्र माघारी येतं. यात हार नाही, नामुष्की नाही, नुसती दिशा आहे. ‘माघार घेणं’ म्हटलं की मात्र समोर कुणीतरी उभं राहतं. वाद असतो, चढाओढ असते, आणि आपण पाऊल मागे टाकलेलं असतं. तेव्हा ‘सैन्य माघारी बोलावलं’ हे विथड्रॉ आणि ‘सैन्याने माघार घेतली’ हे रिट्रीट. ‘सैन्याची माघार’ असं नुसतं नाम ठेवलं की वेलांटीही जाते आणि क्रियापदही जातं. निवडणुकीतली ‘माघारीची मुदत’ तेवढी सोडून देऊ. ती आता इतकी रुळली आहे की तिथे हुज्जत घालण्यात अर्थ नाही.

व्युत्पत्तीवरून अर्थ लावणाऱ्यांची इथे पंचाईत होते. विथड्रॉमधला ‘विथ’ हा आजचा ‘बरोबर’ या अर्थाचा विथ नव्हे. जुन्या इंग्रजीत त्याचा अर्थ ‘विरुद्ध’, ‘उलट दिशेने’ असा होता. विथस्टँड म्हणजे विरोधात टिकून राहणं आणि विथहोल्ड म्हणजे अडवून धरणं, या दोन शब्दांत तो जुना अर्थ अजून शाबूत आहे. ड्रॉ म्हणजे ओढणं. तेराव्या शतकाच्या आसपास दोन्ही एकत्र आले आणि ‘मागे ओढून घेणं’ असा शब्द तयार झाला. आता रिट्रीट बघा. लॅटिन ‘रेत्राहेरे’, त्यात ‘रे’ म्हणजे मागे आणि ‘त्राहेरे’ म्हणजे ओढणं. तिथून तो जुन्या फ्रेंचमार्गे इंग्रजीत आला. शेतातला ट्रॅक्टर याच त्राहेरेचा नातेवाईक, ओढणारा तो ट्रॅक्टर. म्हणजे दोन्ही शब्दांच्या पोटात चित्र तेच: मागे ओढणं. विथड्रॉ हा लॅटिन शब्दाच्या साच्यावर बेतला असावा, असंही कोशकार मानतात. तेव्हा मुळं उकरून फरक हाती लागत नाही. तो वापरात आहे.

(ओढण्यावरून आठवलं. ड्रॉइंग रूमचा चित्रकलेशी काही संबंध नाही. मूळ शब्द विथड्रॉइंग रूम, म्हणजे चारचौघांतून उठून निवांत बसायची खोली. पुढे ‘विथ’ गळला, आणि आता आलेल्यागेलेल्यांना पहिल्यांदा तिथेच बसवतात.)

आता मुद्द्याचं. फरक समजावताना बहुतेक जण एक सोपं समीकरण देतात: राजीखुशीने निघालात तर विथड्रॉ, हरून निघालात तर रिट्रीट. हे समीकरण मला मान्य नाही, कारण पहिल्याच खऱ्या उदाहरणाला ते मोडतं.

1842 च्या जानेवारीत ब्रिटिश फौज काबूलमधून निघाली ती रीतसर करार करून. अफगाण सरदार अकबर खानाच्या बाजूशी बोलणी झाली होती. बहुतेक तोफा मागे सोडायच्या आणि बदल्यात हिंदुस्थानपर्यंत सुरक्षित वाट मिळायची, असं ठरलं होतं. 6 जानेवारीला सुमारे 4,500 सैनिक आणि त्यांच्यासोबत 12,000 च्या आसपास बाजारबुणगे, बायकामुलं छावणीतून बाहेर पडली. गुडघाभर बर्फ, अंगावर पुरेसे कपडे नाहीत, आणि खिंडींच्या दोन्ही अंगांनी बंदुका. रोज थोडं चालायचं आणि रोज शेकड्यांनी माणसं गमवायची. 13 जानेवारीला ब्रिटिशांच्या ताब्यातल्या जलालाबादच्या तटावरून पहारेकऱ्यांना एक घोडेस्वार दिसला. जखमी डॉक्टर विल्यम ब्रायडन, खाली मरणाला टेकलेला घोडा. बाकीचे मारले गेले होते, गारठून गेले होते किंवा कैदेत पडले होते. मोजके काही पुढे कधीतरी परतले. कागदावर ही विथड्रॉअल होती. इंग्रजी इतिहासाच्या पुस्तकांत तिचं नाव ‘रिट्रीट फ्रॉम काबूल’ असंच आहे.

त्याच अफगाणिस्तानातून पुढे सोव्हिएत फौजाही निघाल्या. 1988 च्या एप्रिलमध्ये जिनिव्हात करार झाले, मे महिन्यात पहिल्या तुकड्या हलल्या, आणि 15 फेब्रुवारी 1989 ला जनरल बोरिस ग्रोमोव्ह यांनी सरहद्दीवरच्या अमूदर्या नदीचा पूल ओलांडला. नऊ वर्षांहून अधिक काळ लढून सोव्हिएत सैन्य जिंकलं होतं का? नव्हतं. तरी इंग्रजीत त्याला ‘सोव्हिएत विथड्रॉअल’ म्हणतात, टीकाकारसुद्धा. रशियन भाषेत त्यासाठी जो शब्द आहे त्याचा अर्थ शब्दशः ‘बाहेर नेणं’ असा होतो.

म्हणजे प्रश्न हारजितीचा नाही. निघतानाचा लगाम कुणाच्या हातात होता, हे बघायचं. कधी निघायचं, कुठल्या वाटेने, आधी कोण आणि मागून कोण, हे निघणारा ठरवत असेल तर विथड्रॉ. तेच पाठीवर बसलेला शत्रू ठरवत असेल तर रिट्रीट. काबूलमध्ये पहिल्या दिवशी लगाम ब्रिटिशांच्या हातात आहे असं निदान त्यांना तरी वाटत होतं. दुसऱ्या दिवशी तो नव्हता, आणि इतिहासाने दुसऱ्या दिवसाचा शब्द उचलला.

यातच आणखी एक बारकावा आहे, आणि भाषांतरात सगळ्यात जास्त मार तिथेच खावा लागतो. रिट्रीट हा शब्द कारण सोबत घेऊन येतो: दबाव होता. विथड्रॉ कारणाबद्दल तोंड उघडत नाही. दबाव असेलही, नसेलही. म्हणून सरकारी निवेदनांत रिट्रीट क्वचितच सापडेल, स्वतःच्या सैन्याबद्दल तर नाहीच. मार खाऊन निघालेलं सैन्यसुद्धा निवेदनात ‘ठरल्याप्रमाणे विथड्रॉ’ होतं. 30 ऑगस्ट 2021 च्या रात्री अमेरिकेचं शेवटचं लष्करी विमान काबूलहून उडालं. सरकारच्या लेखी ती विथड्रॉअल होती आणि विरोधकांच्या लेखी रिट्रीट. घटना एकच, विमानही एकच. अशा ठिकाणी मराठीत दोन्हीकडे ‘माघार’ लिहिणारा सरकारच्या तोंडी विरोधकांचे शब्द घालतो, आणि आपण तसं केलं हे त्याच्या गावीही नसतं. मी तरी निवेदनातल्या विथड्रॉला ‘सैन्य मागे घेतलं’ किंवा ‘माघारी बोलावलं’ असंच लिहितो, भले ते खोटं वाटत असो. खोटं असेल तर ते निवेदन देणाऱ्याचं, माझं नाही.

उलट्या बाजूने, रिट्रीट म्हणजे पळापळ असंही धरून चालू नये. दाणादाण उडाली तर त्याला इंग्रजीत राउट म्हणतात. रिट्रीट शिस्तीतही होते. पहिल्या महायुद्धात, 1914 च्या ऑगस्टमध्ये, बेल्जियममधल्या मॉन्सपासून ब्रिटिश आणि फ्रेंच फौजा दोनेक आठवडे मागे मागे येत राहिल्या. ती रिट्रीटच होती. सप्टेंबरमध्ये त्याच फौजांनी मार्न नदीपाशी वळून जर्मनांना थोपवलं. अशा वेळी ‘पीछेहाट’ हा मराठी शब्द चोख बसतो, तरी तो हल्ली शेअर बाजाराच्या बातम्यांतच जास्त भेटतो. नेपोलियनची फौज 19 ऑक्टोबर 1812 ला मॉस्कोतून निघाली, ती मात्र रिट्रीट म्हणून सुरू झाली आणि दाणादाण होऊन संपली.

व्याकरणाचा फरक सोपा आहे, पण तो विसरला की अर्थाचा अनर्थ होतो. विथड्रॉला कर्म चालतं: पैसे, अर्ज, आरोप, पाठिंबा, सैन्य, हात. आधी पुढे केलेलं काहीतरी परत घ्यायचं असतं. रिट्रीटला सहसा कर्म चालत नाही, जो मागे जातो तो स्वतःच जातो. त्यामुळे ‘त्यांनी स्टेटमेंट रिट्रीट केलं’ असं कुणी बोललं की माझ्या कपाळावर आठी येते. बुद्धिबळ हा एक अपवाद. तिथे खेळाडू उंट किंवा घोडा रिट्रीट करतो, आणि ते शुद्ध इंग्रजी आहे. बुद्धिबळात मोहरं बहुधा कुणीतरी हल्ला केल्यामुळेच मागे न्यावं लागतं, म्हणून दबावाची अट तिथेही पाळली जाते.

कर्म हरवलं की काय होतं हे मी स्वतःच्या हाताने करून पाहिलं आहे. सुरुवातीच्या काळात एका औषध कंपनीच्या निवेदनाचं भाषांतर करताना मी उपमथळा दिला: ‘कंपनीची बाजारातून माघार’. मूळ वाक्यात कंपनीने एक औषध विथड्रॉ केलं होतं. माझ्या मथळ्यात कंपनीच गाशा गुंडाळून निघाली. छापून आल्यावर दुपारपर्यंत फोन सुरू होते. 30 सप्टेंबर 2004 ला मर्क कंपनीने व्हायॉक्स हे सांधेदुखीवरचं औषध हृदयविकाराच्या धोक्यामुळे जगभरातून विथड्रॉ केलं, तेव्हा औषध गेलं आणि कंपनी राहिली. वाक्यात कर्म असेल तर मराठीत ‘मागे घेतलं’ किंवा ‘काढून घेतलं’ लिहावं, आणि ते कर्म मथळ्यातही ठेवावं.

शेजारचे दोन शब्द उभ्या उभ्या उरकतो. रिट्रॅक्ट हा रिट्रीटचा सख्खा भाऊ, पण तो मुख्यतः बोललेल्या-छापलेल्या गोष्टींसाठी. लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाने 1998 साली छापलेला लस आणि स्वमग्नतेबद्दलचा वेकफिल्ड यांचा लेख 2010 मध्ये रिट्रॅक्ट केला. छापून येण्याआधीच लेखकाने परत मागितला असता तर तो विथड्रॉ झाला असता. रिटायर फ्रेंच ‘तिरे’वरून, म्हणजे पुन्हा ओढणंच. टेनिसमध्ये सामन्याआधी नाव काढलं तर विथड्रॉ आणि सामना अर्धवट सोडला तर रिटायर. हे गुणफलकावर रोज दिसतं, तरी मथळ्यांत दोन्हीकडे माघारच असते.

हिमनदीला इंग्रजीत रिट्रीट लावतात, विथड्रॉ नाही. ‘हिमनदी मागे सरकली’ असं वाचून बर्फ डोंगर चढून वर गेल्यासारखं वाटतं. प्रत्यक्षात बर्फ उताराने खालीच वाहत असतो. फक्त वरून जेवढा येतो त्यापेक्षा टोकाशी जास्त वितळतो, म्हणून टोक वर वर जातं. दबाव आहे, उष्णतेचा. हिमनदीने काही ठरवलेलं नाही, त्यामुळे विथड्रॉ इथे शोभतही नाही.

‘बीटिंग द रिट्रीट’मध्ये मात्र शत्रू शोधू नये. लहानपणी मी त्याचा अर्थ ‘माघारीला मारणं’ असा काहीतरी लावला होता. बीट म्हणजे ढोल बडवणं, आणि रिट्रीट म्हणजे संध्याकाळी सैनिकांना छावणीत परत बोलावणारा इशारा. दिवस संपला, माघारी या. आपल्या वेलांटीचा हिशोब लावला तर ही रिट्रीट ‘माघारी येण्या’तली आहे, ‘माघार घेण्या’तली नाही. ध्यानधारणेसाठी चार दिवस कुठेतरी जाऊन राहतात, ती रिट्रीटही याच घरातली, तिथे एकांतवास हा जुना शब्द पुरतो. ही दोन नामं सोडली तर क्रियापद म्हणून रिट्रीटचा दबाव सहसा सुटत नाही.

राहता राहिला ‘विथड्रॉन’. माणसाबद्दल वापरला की तो विशेषण होतो: अबोल, आतल्या आत मिटलेला. त्याचं ‘माघार घेतलेला माणूस’ केलेलं मी वाचलं आहे. मराठीत ‘घुमा’ म्हणता येतं, पण त्यात जन्मजात स्वभावाचा वास येतो. विथड्रॉन माणूस बऱ्याचदा आधी बोलका असतो आणि मग काही कारणाने मिटतो, म्हणून मी ‘मिटून गेलेला’ लिहितो. आणि भूतकाळी रूप विथड्रू आहे, ‘विथड्रॉड’ नाही. बोलताना विड्रॉल म्हणा, मीही म्हणतो. लिहिताना तेवढा ‘थ’ राहू द्या, तो निघाला की ‘उलट’ही निघून जातं आणि नुसतं ओढणं उरतं.