वजनाची शस्त्रक्रिया कोणाच्या वाट्याला? २००६ च्या एका अटीची पार्श्वभूमी

अमेरिकेत बॅरिॲट्रिक, म्हणजे वजन उतरवण्यासाठीची, शस्त्रक्रिया करून घेणाऱ्या दर पाच जणांमध्ये साधारण चार स्त्रिया असतात. लठ्ठपणात मात्र स्त्री-पुरुषांत एवढं अंतर नाही. पुरुष येतात ते उशिरा, वय आणि आजार दोन्ही वाढल्यावर. वर्णाच्या बाबतीत गणित आणखी फिरतं. लठ्ठपणाचं सर्वाधिक प्रमाण कृष्णवर्णीय स्त्रियांमध्ये आहे, पण निकषांत बसणाऱ्यांपैकी प्रत्यक्ष शस्त्रक्रियेपर्यंत पोहोचण्याची शक्यता गोऱ्या रुग्णांची जास्त.

या शस्त्रक्रियांचा इतिहास १९५० च्या दशकापर्यंत मागे नेता येतो, पण या प्रश्नापुरतं १९९१ पासून सुरू केलं तरी चालेल. त्या वर्षी तज्ज्ञांच्या परिषदेने उंबरठा ठरवला: बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक) ४०, किंवा मधुमेहासारखा आजार सोबत असेल तर ३५. विमा कंपन्यांनी हाच आकडा उचलला आणि त्यावर स्वतःच्या अटी चढवल्या. त्यांतली सर्वांत जाचक म्हणजे मंजुरीआधी अनेक महिने डॉक्टरांच्या देखरेखीखाली आहारनियमन. महिन्याची एक भेट चुकली की कित्येकदा मोजणी पहिल्यापासून सुरू. ज्याला कामावरून सुट्टी मागितली की पगार कापला जातो, तो इथेच गळतो.

खरा वाद २००६ चा. मेडिकेअरने, म्हणजे ज्येष्ठांसाठी आणि अपंगांसाठी असलेल्या सरकारी विमा योजनेने, शस्त्रक्रियेचा खर्च देशभर मान्य केला, पण ती प्रमाणित केंद्रातच झाली पाहिजे अशी अट घातली. प्रमाणपत्रासाठी वर्षाला किमान १२५ शस्त्रक्रिया हव्या होत्या. हेतू वाईट नव्हता. गुंतागुंतीचं आणि मृत्यूचं प्रमाण तेव्हा चिंताजनक होतं, आणि जिथे हात बसलेला असतो तिथे रुग्ण सुरक्षित असतो हे म्हणणंही तर्काला धरून होतं. पण मेडिकेअरवर ही शस्त्रक्रिया करून घेणारे बहुतेक जण ज्येष्ठ नसतातच. अपंगत्वामुळे ६५ च्या आतच या योजनेत आलेले असतात. अशा माणसाला जवळच्या रुग्णालयाचं दार बंद करून दूरच्या केंद्राकडे बोट दाखवणं म्हणजे काय, याचा विचार निर्णय घेताना फारसा झालेला दिसत नाही. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या विश्लेषणात आढळलं की अटीनंतर मेडिकेअरच्या रुग्णांत गोरेतरांचा वाटा इतर रुग्णांच्या तुलनेत घटला. त्याच वर्षीच्या दुसऱ्या अभ्यासात सुरक्षिततेचा वेगळा लाभ सापडला नाही. निकाल सुधारले होते, पण अट लागू नसलेल्या रुग्णांमध्येही तसेच सुधारले होते. दुर्बिणीच्या शस्त्रक्रिया रुळल्या होत्या, त्याचा तो परिणाम असावा. त्या सप्टेंबरमध्ये अट मागे घेतली गेली. अटीच्या बाजूचे आजही म्हणतात की केंद्रांना शिस्त लागली ती तिच्यामुळेच. असेल, पण त्या शिस्तीची किंमत कोणी मोजली, हे ते सहसा सांगत नाहीत.

शस्त्रक्रियेनंतरच्या पाठपुराव्याकडे लक्ष त्यामानाने उशिरा गेलं. पहिल्या वर्षी अनेक भेटी, पुढे दरवर्षी एक, आणि बी-१२, लोह, कॅल्शियम, ड जीवनसत्त्व जन्मभर. पाळी चालू असलेल्या स्त्रियांत लोहाची कमतरता लवकर येते. वजन उतरल्यावर प्रजननक्षमता वाढते, तरी पहिले १२ ते १८ महिने गर्भधारणा टाळायला सांगतात. शिवाय जठराच्या बायपासनंतर (या शस्त्रक्रियेचा एक प्रकार) तोंडाने घ्यायच्या गर्भनिरोधक गोळ्यांचा भरवसा कमी होतो. भेट चुकली तर हे सांगणारं कोणी राहत नाही.

कृष्णवर्णीय रुग्णांचं वजन गोऱ्यांपेक्षा काहीसं कमी उतरतं, असं अनेक अभ्यासांत दिसतं. त्याचं खापर शरीरप्रकृतीवर किंवा सवयींवर फोडणं सोपं असतं. वजनाची नोंद मात्र परत आलेल्यांचीच होते. दोन वर्षांनंतर बरेच रुग्ण यायचे थांबलेले असतात, आणि कोण थांबतं हे विमा, अंतर आणि रजा यांवर ठरतं.

२०२२ मध्ये उंबरठा खाली आला: आजार सोबत असो वा नसो, ३५, आशियाई वंशाच्या लोकांसाठी २७.५. त्यांच्यात कमी बीएमआयलाच मधुमेहाचा धोका वाढतो, हे जागतिक तज्ज्ञ गटाने २००४ मध्येच नोंदवलं होतं. अनेक विमा कंपन्यांच्या कागदांत मात्र १९९१ चेच आकडे कायम राहिले.