संगणक : प्राथमिक ओळख आणि ग्रामीण विदर्भातील वापर

संगणक म्हणजे दिलेली माहिती आत घेऊन, आधी ठरवून दिलेल्या सूचनांप्रमाणे तिच्यावर काम करून निकाल बाहेर देणारे आणि तो जपून ठेवणारे विजेवर चालणारे यंत्र. बोलताना सगळे ‘कम्प्युटर’च म्हणतात, ‘संगणक’ हा शब्द पाठ्यपुस्तकात आणि सरकारी कागदावर भेटतो. विदर्भातल्या खेड्यापाड्यांत तो ग्रामपंचायतीत, शाळेत, बँकेत, बाजार समितीत आणि एसटी स्टँडजवळच्या झेरॉक्सच्या दुकानात असतो. हातातला टच मोबाइल हाही संगणकच. त्यामुळे ‘मला कम्प्युटर येत नाही’ म्हणणारा शेतकरी फोनवर हवामान पाहत असेल किंवा पैसे पाठवत असेल, तर तो रोज संगणक वापरतोच आहे.

टेबलावरच्या संगणकाला पडदा, कीबोर्ड, माऊस आणि एक उभा डबा असतो. या डब्यालाच सर्रास सीपीयू म्हणतात. खरा सीपीयू म्हणजे डब्याच्या आत बसवलेली काडेपेटीएवढी चौकोनी चिप. सगळी आकडेमोड तीच करते. साठवणीच्या जागा दोन. रॅम म्हणजे खळे, हार्ड डिस्क म्हणजे कोठी. काम चालू असते तोवर माल खळ्यावर पसरलेला असतो, सेव्ह केले की तो कोठीत जातो. लाईन गेली तर खळ्यावरचे सगळे गेले, कोठीतले राहिले. विदर्भात लाईन केव्हा जाईल याचा नेम नाही, म्हणून चार ओळी झाल्या की कंट्रोल आणि एस या कळा एकत्र दाबायची सवय पहिल्या दिवशीच लावून घ्यावी. यूपीएस, म्हणजे लाईन गेल्यावर संगणक बॅटरीवर चालू ठेवणारा डबा, असला तरी तो थोड्याच मिनिटांचा सोबती असतो. तेवढ्यात काम सेव्ह करून संगणक नीट बंद करायचा; उरलेले काम उरकायला तो दिलेला नसतो.

इथला उन्हाळा आणि धूळ यंत्राला सोसत नाही. अकोला, नागपूर, चंद्रपूरकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो. अशा दिवसांत डब्यावर हौसेने शिवलेले झालरीचे कव्हर टाकून संगणक चालवला तर आतली उष्णता आतच कोंडते. कव्हर बंद संगणकासाठी आहे. कूलरचा ओला झोत थेट डब्यावर येऊ देऊ नये, कारण दमट हवेत धूळ आतल्या पंख्याला चिकटून बसते. पावसाळ्याच्या तोंडावर विजा कडाडू लागल्या की नुसते बटण बंद करून भागत नाही. प्लग भिंतीतून उपसावा आणि ब्रॉडबँडची वायर येत असेल तर तीही काढावी.

संगणकाला अक्षर कळत नाही, आकडा कळतो. तोही ० आणि १ या दोनच खुणांत. जगभर मान्य असलेल्या युनिकोड या संकेतपद्धतीत प्रत्येक अक्षराला क्रमांक नेमून दिला आहे. आपल्या ‘क’चा क्रमांक २३२५. ही संख्या २०४८, २५६, १६, ४ आणि १ यांची बेरीज आहे, म्हणून दोन खुणांत ती १००१०००१०१०१ अशी लिहिली जाते. ‘कापूस’ हा शब्द संगणकाच्या लेखी २३२५, २३६६, २३४६, २३७०, २३६० अशी पाच आकड्यांची रांग आहे: क, काना, प, दीर्घ उकार आणि स. पऱ्हाटी, वेचणी, भाव यांतले काहीही त्याला ठाऊक नसते. त्याला रांग ठाऊक असते, आणि ती तो न थकता, न चुकता सांभाळतो.

हे समजले की खेड्यातल्या कचेरीत नेहमी पडणारे एक कोडे सुटते. कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमध्ये मराठी टाइप करताना साठवला जातो तो रोमन अक्षराचा क्रमांक. त्याच्यावर फक्त देवनागरी अक्षराचे चित्र चढवलेले असते. ग्रामसभेचा ठराव असा टाइप करून तालुक्याला पाठवला आणि तिथल्या संगणकात तो फॉन्ट नसला, की पडद्यावर अर्थहीन रोमन अक्षरांची रांगोळी दिसते. नव्याने शिकणाऱ्याने म्हणून युनिकोडनेच सुरुवात करावी. भारत सरकारने प्रमाण मानलेल्या इनस्क्रिप्ट कीबोर्डमध्ये स्वर डाव्या हाताला आणि व्यंजने उजव्या हाताला आहेत. वर्णमाला पाठ असलेल्याला त्याची रचना लवकर उमगते. बोटे अडखळत असतील तर मोबाइलवर बोलून टाइप करायची सोय मराठीतही आहे.

इतिहास थोडक्यात. १९४६ साली अमेरिकेत लोकांपुढे आलेल्या एनिॲक या संगणकात सुमारे १८ हजार व्हॉल्व्ह (काचेच्या नळ्या) होते आणि त्याचे वजन ३० टनांच्या घरात होते. १९७१ मध्ये इंटेल कंपनीने सबंध प्रोसेसर, म्हणजे सीपीयू, एका चिपवर आणला; तिथून संगणक टेबलावर आणि पुढे खिशात आला. अमेरिकेने भारताला महासंगणक नाकारला तेव्हा पुण्याच्या सी-डॅक या सरकारी संगणक संशोधन संस्थेने १९९१ मध्ये ‘परम ८०००’ उभा केला. त्या कामाचे नेतृत्व करणारे डॉ. विजय भटकर अकोला जिल्ह्यातल्या मुरंबा या खेड्यात जन्मले आणि नागपूरला इंजिनिअर झाले. विदर्भातल्या प्रत्येक शाळेच्या संगणक खोलीत ही गोष्ट सांगितली गेली पाहिजे. ती आपल्या मातीतली आहे.

शिकण्याची रुळलेली वाट म्हणजे एमएस-सीआयटी. २००१ साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र ज्ञान महामंडळाचा हा अभ्यासक्रम सरकारी नोकरीसाठी चालतो, म्हणून तालुक्याच्या प्रत्येक गावी त्याची पाटी दिसते. शासनाच्या टायपिंग परीक्षेतही टाइपरायटरची खडखड थांबून संगणक आला. मराठीसाठी मिनिटाला ३० आणि ४० शब्दांचा वेग लागतो. मेळघाटातल्या हरिसालला २०१६ साली राज्य शासन आणि मायक्रोसॉफ्ट यांच्या प्रयत्नातून डिजिटल गाव करण्याचे काम सुरू झाले. इंटरनेटबरोबर दूरवरच्या डॉक्टरांचा सल्ला हा त्याचा मोठा हेतू होता. तरी बहुतेक खेडुतांचा संगणकाशी संबंध येतो तो वर्गात नव्हे, सेवा केंद्राच्या काउंटरवर. बोलण्यात त्याला अजून ‘सेतू’ म्हणतात.

इथेच या नोंदीतला सर्वांत कामाचा भाग येतो. काउंटरवरचा पडदा संगणक चालवणाऱ्याकडे तोंड करून असतो. समोर उभ्या माणसाला त्याची पाठ दिसते.

‘मावशी, वावर किती?’
‘दोन एकर, बापू.’

अर्जाचा रकाना हेक्टरमध्ये असतो. घाईत तिथे २ हा आकडा पडला, तर मावशींचे वावर कागदावर जवळपास पाच एकर झाले. खरा आकडा ०.८१ होता, कारण एक हेक्टर म्हणजे सुमारे २.४७ एकर. संगणक यात काही चुकला नाही. त्याला २ दिले, त्याने २ ठेवले. पुढे तोच अर्ज सातबाऱ्याशी जुळत नाही म्हणून परत येतो आणि एक दिवसाची मजुरी बुडवून तालुक्याची चक्कर पडते. ‘सबमिट’ दाबण्यापूर्वी ‘बापू, पडदा इकडे वळव, मला दाखव’ असे म्हणणे हा मावशींचा हक्क आहे. नाव, गट नंबर, क्षेत्र, खाते क्रमांकाचे शेवटचे चार आकडे आणि मोबाइल नंबर एवढे डोळ्यांखालून घालायला दोन मिनिटे लागतात. वाचता येत नसेल तर शाळेत जाणारी नात सोबत न्यावी.

नावाचेही तसेच. आधारवर शेवंता, बँकेत शेवंताबाई, रेशनकार्डावर वडिलांचे नाव नवऱ्याच्या जागी. माणसाला ती एकच बाई दिसते. संगणक रांगेतला आकडा आकड्याशी ताडून पाहतो आणि एक काना जास्त दिसला की दोन माणसे धरतो. अंगठ्याची तक्रार याहून जुनी आणि जास्त दुखरी. वर्षानुवर्षे निंदण आणि कापूस वेचणी करून बोटांवरच्या रेषा झिजतात आणि यंत्र ठसा ओळखत नाही. अशा वेळी पुन्हापुन्हा अंगठा दाबत बसण्यापेक्षा मोबाइलवर येणारा एकदाच चालणारा आकडा म्हणजे ओटीपी, डोळ्याची किंवा चेहऱ्याची ओळख यांपैकी त्या योजनेत कोणती सोय आहे हे विचारावे. पैसे काढायला अंगठा लावला असेल तर पावती घेतल्याशिवाय उठू नये. फोनवर ओटीपी विचारणारा कुणीही असो, तो सांगायचा नाही. फसवणूक झालीच तर १९३० या क्रमांकावर लगेच कळवायचे.

काही कामे घरूनही होतात. सातबारा महाभूलेख या शासनाच्या जमीन नोंदींच्या संकेतस्थळावर फुकट पाहता येतो. डिजिटल सहीचा, कचेरीत चालणारा उतारा १५ रुपये ऑनलाइन भरून मिळतो. २०२१ पासून ई-पीक पाहणी या मोबाइल ॲपमध्ये शेतकरी वावरात उभा राहून, फोटो काढून आपल्या पिकाची नोंद स्वतः करू शकतो. सोयाबीनमध्ये तूर असेल तर ती मिश्र पीक म्हणून वेगळी दाखवावी लागते.

दुकानात आधार कार्ड डाउनलोड करून प्रिंट काढली, तर ती फाइल दुकानाच्या संगणकावर मागे राहते. तिचा पासवर्ड नावाची इंग्रजीतली पहिली चार अक्षरे आणि जन्मवर्ष असा ठरलेला असल्याने ओळखीच्या माणसाला ती फाइल उघडायला अवघड नाही. प्रिंट हातात आली की आपल्या देखत फाइल डिलीट करायला सांगावे आणि डिलीट केलेल्या फाइली जिथे पडून राहतात तो रिसायकल बिनही रिकामा करवून घ्यावा. अर्ज भरला असेल तर पावतीवरचा अर्ज क्रमांक वहीत आणि मोबाइलमध्ये असा दोन्हीकडे लिहून ठेवावा. केंद्र बदलले, चालवणारा पोरगा नोकरीसाठी नागपूरला गेला, तरी त्या क्रमांकावरून अर्ज कुठे अडला आहे ते दुसऱ्या कोणत्याही संगणकावर पाहता येते.