महापालिकेचा संगीत महोत्सव आणि महापालिकेच्या मदतीने होणारा संगीत महोत्सव

निमंत्रणपत्रिकेच्या कोपऱ्यात महापालिकेचं बोधचिन्ह दिसलं की वाचणारा गृहीत धरतो, कार्यक्रम महापालिकेचा. प्रवेशिका मिळाली नाही तर तक्रार महापालिकेकडे, मैफल रंगली तर कौतुकही तिचंच. पण त्या बोधचिन्हामागे दोन निराळे व्यवहार असू शकतात. पहिल्यात महापालिका स्वतः महोत्सव भरवते. दुसऱ्यात महोत्सव एखाद्या नोंदणीकृत संस्थेचा असतो आणि महापालिका त्याला अनुदान देते, सभागृह देते, किंवा नुसती साफसफाई आणि पाण्याचा टँकर देते. आपल्या शहरात गाणं टिकावं असं ज्यांना मनापासून वाटतं, त्यांनी हा फरक नीट समजून घ्यायला हवा. चुकीच्या दारात उभं राहून कितीही मागण्या केल्या तरी हाती काही लागत नाही.

पहिल्या प्रकाराचं ओळखीचं उदाहरण ठाण्याचं. संगीतभूषण पं. राम मराठे यांच्या स्मरणार्थ होणारा महोत्सव ठाणे महापालिका स्मृती समितीच्या साथीने भरवते. पिंपरी-चिंचवड महापालिकेचा स्वरसागर महोत्सवही याच जातीचा. इथे खर्च महापालिकेच्या अंदाजपत्रकातल्या लेखाशीर्षातून थेट होतो. कलाकाराचं मानधन, ध्वनियोजना, छपाई, हारतुरे, प्रत्येक बिल लेखा विभागातून फिरतं आणि पुढे लेखापरीक्षकाच्या नजरेखालून जातं.

खरी अडचण इथेच सुरू होते. सार्वजनिक पैशातून खरेदी करताना दर मागवायचे आणि कमी दराला काम द्यायचं, ही शिस्त रस्त्याच्या कामासाठी योग्यच आहे. पण ख्यालगायकाची निविदा निघू शकत नाही. कुणाला बोलवायचं हा निर्णय कानाचा आहे, दरपत्रकाचा नाही. म्हणून जाणकारांची समिती लागते, आणि ती कोण नेमतं यावर महोत्सवाचा दर्जा ठरतो. ठाण्यासारखी रचना मला त्यासाठीच शहाणपणाची वाटते. पैसा आणि नाट्यगृह महापालिकेचं, निवडीत संगीतातली माणसं.

ध्वनियोजनेचं मात्र दर मागवून काम देता येतं आणि दिलंही जातं. तिथे कमी दर भरणारा ठेकेदार बहुधा सभा-मिरवणुकांचा असतो. त्याच्याकडे मोठे स्पीकर असतात, पण तानपुऱ्यासाठी वेगळा मायक्रोफोन लागतो, गायकाला स्वतःचा आवाज ऐकू येईल असा मॉनिटर लागतो आणि तबल्याचा डग्गा सगळ्यांवर चढू न देणारा माणूस समोर बसवावा लागतो, हे निविदेत कुणी लिहिलेलंच नसतं. पहिली वीस मिनिटं कलाकार हातवारे करून आवाज वर-खाली करायला सांगत बसतो. उपाय साधा आहे. मायक्रोफोनची संख्या आणि प्रकार, मॉनिटर, शास्त्रीय मैफलींचा अनुभव असलेला ध्वनितंत्रज्ञ आणि आदल्या दिवशीची चाचणी, हे चार मुद्दे निविदेच्या अटींत घालायचे. ज्या सांस्कृतिक विभागात असं लिहून देणारा एक जरी अधिकारी असतो, तिथली मैफल ऐकतानाच कळते.

दुसऱ्या प्रकारात महोत्सवाचा मालक संस्था असते. सवाई गंधर्वांच्या निधनानंतर त्यांच्या स्मरणार्थ पं. भीमसेन जोशींनी १९५३ साली पुण्यात सुरू केलेला महोत्सव आर्य संगीत प्रसारक मंडळाचा आहे. तो प्रामुख्याने तिकिटं, देणग्या आणि प्रायोजक यांच्या बळावर उभा आहे. पुण्यात भरतो म्हणून तो पुणे महापालिकेचा होत नाही. एवढं नाव नसलेल्या, तालुक्याच्या गावातल्या किंवा उपनगरातल्या संस्थेला मात्र तिकिटांवर भागत नाही, आणि ती नगरपरिषदेकडे किंवा महापालिकेकडे वळते.

तिथे गेल्यावर कळतं की अनुदान म्हणजे आधी हातात पडणारे पैसे नव्हेत. अर्जासोबत धर्मादाय आयुक्तांकडच्या नोंदणीचं प्रमाणपत्र, संस्थेची घटना, गेल्या काही वर्षांचे लेखापरीक्षित हिशेब, कार्यक्रमाचा अंदाजित खर्च आणि रद्द केलेला धनादेश जोडावा लागतो. प्रस्ताव विभागाकडून लेखा शाखेकडे जातो, तिथून मंजुरीसाठी वर. रक्कम अनेक ठिकाणी कार्यक्रम झाल्यावर, बिलं आणि उपयोगिता प्रमाणपत्र, म्हणजे रक्कम ठरलेल्या कामावरच खर्च झाल्याचा दाखला, दिल्यावरच मिळते. तोवर मंडपवाला आणि तबलजी थांबत नाहीत. सचिव किंवा कोषाध्यक्ष स्वतःच्या खिशातून भरतो आणि महिनोन्‌महिने फेऱ्या मारतो. अशा माणसांच्या जिवावर कितीतरी गावांत गाणं शिल्लक आहे, आणि त्यांची रक्कम वेळेत सोडणं हे कुठल्याही महापालिकेचं साधं कर्तव्य आहे.

म्हणून छोट्या संस्थेला माझा आग्रहाचा सल्ला आहे की रोख रकमेच्या मागे लागण्याआधी वस्तुरूप मदत मागा. पालिकेच्या नाट्यगृहाचं भाडं माफ किंवा निम्मं झालं, वीजबिलाची सवलत मिळाली, जाहिरात फलकांच्या जागा मिळाल्या, तर तेवढा खर्च उचलावाच लागत नाही आणि उपयोगिता प्रमाणपत्राचा घोळही टळतो.

दोन्ही प्रकारांत आणखी एक गल्लत होते, ती परवानगीची. पालिकेने मदत केली म्हणजे सगळं मोकळं झालं, असं नाही. मंडप आणि अग्निशमनाचा ना-हरकत दाखला पालिकेकडे, पण ध्वनिक्षेपकाचा परवाना पोलिसांकडे. ध्वनिप्रदूषण नियम, २००० प्रमाणे उघड्यावर रात्री १० नंतर ध्वनिक्षेपक बंद करावा लागतो. सण-उत्सवांसाठी मध्यरात्रीपर्यंत सूट देण्याचा अधिकार राज्य सरकारचा, आणि तीही वर्षाला जास्तीत जास्त १५ दिवस. एकेकाळी रात्रभर चालणारा सवाई गंधर्व महोत्सवही याच नियमांमुळे दिवसा आणि संध्याकाळी आला. महापौर कितीही रसिक असले तरी ही वेळ वाढवणं त्यांच्या हातात नाही. बंदिस्त सभागृहात आवाज बाहेर जात नसेल, तर ही अडचण येत नाही.

टिकाऊपणाच्या बाबतीत दोघांची दुखणी वेगळी आहेत. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमात कलम ६३ मध्ये बंधनकारक कामं आहेत आणि कलम ६६ मध्ये ऐच्छिक. पाणी, कचरा, दिवाबत्ती पहिल्यात. महोत्सवासारखा खर्च ऐच्छिक बाजूला पडतो, त्यामुळे तिजोरी आटली की कात्री आधी तिथे लागते. पालिकेचा स्वतःचा महोत्सव निवडणुकीच्या आचारसंहितेत अडकतो, आयुक्त बदलले की रेंगाळतो. २०२२ पासून ठाणे, पुणे, पिंपरी-चिंचवड इथे काही वर्षं प्रशासकांचा कारभार होता. त्या काळात अशा खर्चासाठी आग्रह धरणारे नगरसेवक सभागृहात नव्हते. संस्थेचा महोत्सव सत्ताबदलाने थांबत नाही, पण दोन-चार कार्यकर्ते थकले की बंद पडतो.

हिशेब विचारण्याचे रस्तेही वेगळे. पालिकेच्या महोत्सवाचा प्रत्येक रुपया माहितीच्या अधिकारात थेट मागता येतो. संस्थेच्या बाबतीत पालिकेने दिलेली रक्कम आणि तिचं उपयोगिता प्रमाणपत्र पालिकेकडून मिळतं, बाकीचा हिशेब संस्था धर्मादाय आयुक्तांकडे भरते.

तुमच्या शहरात पुढच्या वर्षी काही उभं करायचं असेल, तर तारीख लक्षात ठेवा. आयुक्त बहुधा जानेवारी-फेब्रुवारीत अंदाजपत्रक मांडतात. संस्थेला मदत हवी असो की पालिकेने स्वतः महोत्सव भरवावा असं म्हणणं असो, लेखी मागणी दिवाळीच्या आसपास सांस्कृतिक विभागात पोहोचली पाहिजे आणि त्याची पोच हातात असली पाहिजे. नाट्यगृहाच्या तारखांसाठी वेगळा अर्ज करावा लागतो. तिथे नाटकांचे निर्मातेही रांगेत असतात आणि शनिवार-रविवार सर्वांत आधी संपतात.