विद्यापीठाची स्थावर मालमत्ता व स्थानिक अर्थकारण (सोलापूर)

विद्यापीठाच्या जमिनी, इमारती, वसतिगृहे, सभागृहे आणि गाळे यांच्या वापरातून भोवतालच्या बाजारात पैसा खेळतो. सोलापुरात हा विषय मुख्यतः केगाव येथील पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठाशी निगडित आहे. १ ऑगस्ट २००४ रोजी स्थापन झालेल्या या विद्यापीठाचे कार्यक्षेत्र सोलापूर जिल्ह्यापुरतेच आहे. त्याआधी इथली महाविद्यालये कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाशी संलग्न होती. आजचे नाव २०१९ मधले.

कार्यक्षेत्र एका जिल्ह्याचे असल्याने मोहोळ, बार्शी, अक्कलकोटकडची मुले एसटीने रोज ये-जा करू शकतात. त्यामुळे पुण्यासारखा कॉट बेसिस (खोलीतली एकेक खाट भाड्याने देणे) आणि मेसचा व्यवसाय इथे फोफावत नाही. विद्यार्थ्याचा खर्च चहा-नाश्ता, झेरॉक्स आणि रिक्षा यांवर होतो. आवार पुणे महामार्गावर, गावापासून दूर आहे. आवारातच सोयीचे गाळे असतील तर हा पैसा स्थानिक माणसाच्या हाती पडतो, म्हणून गाळा कसा दिला जातो याला मोठे महत्त्व आहे.

विद्यापीठाच्या स्थावर मालमत्तेची विक्री किंवा भाडेपट्टा हा राज्य शासनाच्या मान्यतेचा विषय आहे. उपाहारगृह किंवा झेरॉक्सचा गाळा मात्र साधारणतः निविदा काढून, बयाणा रक्कम घेऊन, लिव्ह अँड लायसन्स कराराने, म्हणजे जागेवर हक्क न देता फक्त वापराच्या परवानगीने, देतात. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ नुसार असा करार लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो. उदाहरणार्थ, भाडे महिना २०,००० रुपये, मुदत ३ वर्षे आणि परत मिळणारी अनामत १ लाख धरू. भाड्याचे ७,२०,००० आणि अनामतीवर वार्षिक १० टक्के दराने धरलेले व्याज ३०,००० मिळून ७,५०,००० होतात. त्यावर ०.२५ टक्के, म्हणजे १,८७५ रुपये मुद्रांक शुल्क पडते.

खरी अडचण पुढे येते. उन्हाळी सुट्टी, दिवाळी आणि परीक्षेआधीची वाचनाची सुट्टी वजा जाता धंद्याचे महिने जेमतेम ८ उरतात, भाडे मात्र १२ महिन्यांचे असते. वर्षाचे २,४०,००० रुपये ८ महिन्यांत कमवायचे म्हटले की २०,००० चे भाडे प्रत्यक्षात ३०,००० चे होते. विद्यापीठ जीएसटी नोंदणीकृत असेल तर भाड्यावर १८ टक्के कर, म्हणजे दरमहा ३,६०० रुपये वर येतात. ५ टक्के जीएसटी आकारणाऱ्या उपाहारगृहाला या कराची वजावट मिळत नाही, तो पूर्णपणे चालकाच्या खिशातून जातो. हा हिशोब न करता सर्वांत मोठी बोली लावणारा मग आधी पोह्याची बशी हलकी करतो, नंतर भाडे थकवतो आणि शेवटी गाळ्याला कुलूप लागते. सर्वाधिक भाड्याची बोली स्वीकारणे हा कागदावर निर्दोष, पण गावाच्या दृष्टीने तोट्याचा निर्णय ठरू शकतो. त्यापेक्षा सुट्टीच्या महिन्यांत निम्मे भाडे, पदार्थांचे दर आणि वजन करारात नमूद करणे, हे अधिक टिकाऊ.

विजेसाठी प्रत्येक गाळ्याला सबमीटर हवाच. ठोक आकारणी असली की फ्रीज आणि झेरॉक्स यंत्रांचा भार कोणी उचलायचा यावर वाद होतो. सोलापुरात नळाला पाणी रोज येत नाही, तेव्हा साठवण टाकी कोणाची आणि टँकरचा खर्च कोणाचा, हेही आधीच लिहून घ्यावे.

बांधकामातून गवंडी, सुतार, रंगारी आणि वायरमन यांना काम मिळते. मात्र इमारत व देखभाल मिळून एकच मोठी निविदा निघाली, तर अनामत आणि उलाढालीच्या अटींतच स्थानिक ठेकेदार बाहेर पडतो. रंगकाम, गळतीची दुरुस्ती, वसतिगृहाच्या चादरी आणि टॉवेल यांची खरेदी स्वतंत्र ठेवली तर तो टिकतो. चादर आणि टेरी टॉवेल या दोन्हींना भौगोलिक मानांकन असलेल्या या शहरात वसतिगृहाच्या खाटेवर बाहेरगावची चादर पडू नये. त्यासाठी निविदेत मापाबरोबर धाग्याचा प्रकार, वजन आणि धुतल्यावर रंग न जाण्याची अट लिहावी लागते. नुसते ‘चादर, नग’ लिहिले की सर्वांत स्वस्त माल येतो.