चिखलातून हाडापर्यंत

समजा, गोव्यातल्या डिचोलीकडचा पन्नाशीचा एक शेतकरी. मधुमेह जुना, गोळ्या कधी घेतो, कधी राहून जातात. जुलैत लावणीसाठी तो पोटरीभर चिखलात उतरतो. टाचांना भेगा आहेतच. दोनेक आठवड्यांनी हुडहुडी भरून ताप येतो. मलेरिया नाही, डेंग्यू नाही. मग गुडघा सुजतो आणि त्याखालचं हाड रात्री इतकं ठणकतं की अंगावरची चादरही सोसवत नाही.

पावसाळ्यात, मधुमेह असलेल्या माणसाच्या बाबतीत, इथे मेलिओइडोसिस आठवायला हवा. १९११ साली रंगूनमध्ये आल्फ्रेड व्हिटमोर आणि सी. एस. कृष्णस्वामी यांनी हा रोग प्रथम ओळखला. त्याचा जिवाणू, बर्खोल्डेरिया स्यूडोमॅलिआय, ओल्या मातीत आणि साचलेल्या पाण्यात राहतो. शेजारच्या उडुपी-मणिपाल पट्ट्यात याचे रुग्ण वर्षानुवर्षे सापडत आले आहेत. तसाच पाऊस आणि तशीच भातशेती आपल्याकडेही आहे.

भेगेतून किंवा श्वासातून हा जिवाणू आत शिरतो. पांढऱ्या पेशी त्याला गिळतात, पण तो त्यांच्याच पोटात तग धरून वाढतो. मधुमेहात या पेशी आधीच दुबळ्या झालेल्या असतात. तिथून रक्तात, आणि रक्तातून फुप्फुस, यकृत, प्लीहा, हाड. जाईल तिथे पू.

खरी कसोटी प्रयोगशाळेत लागते. रक्ताच्या कल्चरमधून, म्हणजे रक्तातले जंतू प्लेटवर वाढवून पाहतात तेव्हा, तो वाढतो, पण सावकाश. सुरुवातीला प्लेटवर त्याचे ठिपके गुळगुळीत दिसतात, तीन-चार दिवसांनी त्यांना सुरकुत्या पडतात. सूक्ष्मदर्शकाखाली टोकं गडद, मधला भाग फिका, अगदी सेफ्टी पिनेसारखा. घाईत त्याला ‘स्यूडोमोनास’ हा दुसराच जिवाणू म्हटलं जातं, नाहीतर बाहेरून मिसळलेला जंतू समजून प्लेट टाकून दिली जाते. मला याचंच सर्वांत जास्त वाईट वाटतं, कारण पुरावा हातात आलेला असतो. जेंटामायसिन आणि कोलिस्टिन ही दोन्ही प्रतिजैविकं त्याच्यावर चालत नाहीत, पण को-अमॉक्सिक्लॅव्ह चालतं असं दिसलं, तर तिथेच थांबून पुन्हा पाहायला हवं.

उपचार आहेत. सेफ्टाझिडिम किंवा मेरोपेनेम हे प्रतिजैविक शिरेतून द्यायचं. हाड धरलं असेल तर किमान सहा आठवडे, आणि साठलेला पू काढावा लागतो. त्यानंतर को-ट्रायमॉक्साझोलच्या गोळ्या, सहा महिने. ताप उतरला, पाय टेकता आला, की गोळ्या सुटतात, आणि रोग उलटतो. जुलैअखेर आजारी पडलेल्याच्या गोळ्या होळीचा शिगमा उलटून गेला तरी चालूच असायला हव्यात.